पुनर्वसनाची पीएचडी आणि मणिबेली

नंदुरबारला २०२० साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आज ना उद्या आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी आरोग्याच्या विषयात पीएचडीला बसतील. कुणी फिजिओथेरपीत, कुणी नर्सिंगमध्ये, कुणी हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असेल, विषय कोणता घ्यायचा? ही पोस्ट त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गाईडसाठी लिहितोय. जरा लांबली आहे, पण मागचा इतिहास सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

सुरुवात एका शब्दापासून करतो : पुनर्वसन.

आपल्याकडे, अक्कलकुवा-तळोद्यात, हा शब्द गावाच्या नावातच आहे. रोझवा पुनर्वसन म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. धरणात गेलेल्या गावांची माणसं, सरकारने दिलेले प्लॉट, सरकारने दिलेली जमीन. पण मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात 'पुनर्वसन विभाग' अशी पाटी दिसली, तर तिथे जमीन मिळत नाही. तिथे लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवतात, हात गेलेल्याला कृत्रिम हात बसवतात. शब्द एक, खाती दोन. एक महसूल खात्याकडे, दुसरं डॉक्टरांकडे. माझं म्हणणं असं की ही दोन खाती वेगळी राहिली याची किंमत मणिबेलीसारख्या गावांनी मोजली, आणि ती एकत्र आणायचं काम एखाद्या चांगल्या पीएचडीला करता येईल.

आधी हॉस्पिटलातलं पुनर्वसन बघू. त्याचा भारतातला इतिहास बराचसा मुंबईतच घडला. कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी घरातल्या. त्यांनी १९५० मध्ये केईएम हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीला अपंगांच्या उपचार-पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या सगळ्यामागे एक साधी कल्पना होती. जखम भरली म्हणजे काम संपलं असं नाही. माणूस आपल्या घरी, आपल्या कामावर परत गेला का, हे बघायचं. स्वतःच्या हाताने जेवतो का? विहिरीपर्यंत जातो का? कमवतो का?

म्हणून या शास्त्रात मोजमापाला फार महत्त्व आलं. गुडघा किती अंशात वाकतो, सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, रोजची किती कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय करतो. आजच्या पीएचडी बऱ्याचदा याच मापांवर उभ्या असतात : उपचाराआधी मोजलं, नंतर मोजलं, फरक काय पडला. पद्धत चांगली आहे. फक्त हॉस्पिटलचं फाटक ओलांडून ती फार लांब जात नाही.

आता दुसरं पुनर्वसन. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित होणार होती. त्यातलं धरणाच्या भिंतीला सगळ्यात जवळचं मणिबेली. काठावर शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ, डोंगरउतारावर तडवी-वसाव्यांची घरं. तेव्हा आपला जिल्हा वेगळा नव्हता, मणिबेली धुळे जिल्ह्यात होतं. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी मणिबेलीच्या घरांना लागलं. काही कुटुंबं त्याआधीच गुजरातेत परवेटा वसाहतीत गेली होती. काही जागची हलली नाहीत, घर उचलून डोंगरावर वर सरकली.

या पुनर्वसनाचं मोजमाप कशात झालं? हेक्टरमध्ये. किती खातेदार, किती जमीन, किती प्लॉट, किती जण 'घोषित', किती 'अघोषित'. ज्यांनी ऑफिसचे उंबरे झिजवलेत त्यांना हे शब्द पाठ आहेत. जमीन मिळणं महत्त्वाचं होतंच, त्यासाठी लोकांनी मार खाल्लाय, जेलमध्ये गेलेत. पण ताबापावती झाली की फाईल बंद. त्या घरातली बाई नव्या गावात किती वजनाची राहिली, तिचं पुढचं मूल जगलं का, नदीवर मासे धरणारा म्हातारा सपाटीवरच्या कोरड्या वसाहतीत दिवसभर काय करायला लागला, हे त्या फाईलच्या रकान्यात बसत नाही. म्हणजे हॉस्पिटलातल्या पुनर्वसनाचा जो मूळ प्रश्न, माणूस आपल्या जगण्यावर परत आला का, तो इथे विचारलाच जात नव्हता.

ही दोन्ही पुनर्वसनं एकाच आयुष्यात जगलेला माणूस महाराष्ट्राला माहीत आहे. बाबा आमटे. आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्यांना औषधाबरोबर शेती, विणकाम, घर, संसार दिला, कारण रोग बरा झालेल्या माणसाला गाव परत घेत नव्हतं. आणि १९९० मध्ये तेच बाबा आनंदवन सोडून मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठी जाऊन राहिले. लोकांना ती उडी वाटली. मला ती एकाच कामाची पुढची पायरी वाटते.

संशोधक खोऱ्यात आलेच नाहीत असंही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, म्हणजे टिसकडे, महाराष्ट्रातल्या पुनर्वसनावर देखरेख करायचं काम होतं. मेधाताई पाटकर त्याच टिसमध्ये पीएचडी करत होत्या. खोऱ्यात आल्या, प्रबंध अर्धवट राहिला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९१ मध्ये जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांची स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात पुनर्वसन आणि पर्यावरणाबरोबर आरोग्यालाही वेगळी जागा होती. धरणामुळे मलेरिया वाढण्याचा धोका आणि तो रोखायची अपुरी तयारी समितीने दाखवून दिली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं. भिंत मात्र चढत राहिली.

१९९४ मध्ये 'मणिबेली जाहीरनामा' निघाला. ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मागणी केली की स्वतंत्र फेरतपासणी होईपर्यंत जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं. आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यांच्या गावाचं नाव वॉशिंग्टनमध्ये पोचलं. अशा दबावातून पुढे जागतिक धरण आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २००० मध्ये आला.

या आयोगावर १२ सदस्य होते. त्यातल्या एक मेधाताई. दुसरे होते अमेरिकेचे थेअर स्कडर. यांची गोष्ट पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधलं जात होतं आणि ग्वेंबे टोंगा नावाचे सुमारे ५७,००० लोक हलवले जाणार होते. १९५६ मध्ये एलिझाबेथ कोल्सन आणि तरुण स्कडर तिथे पोचले, लोक हलायच्या आधी. त्यांनी गावं, शेतं, घरं, नाती नोंदवून ठेवली. स्कडरना १९६० मध्ये त्याच कामावर हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. आपल्याकडे इथे हार घालून फोटो काढतात आणि विषय संपतो. ते दोघं परत परत त्याच माणसांकडे जात राहिले, अनेक दशकं.

त्यातून काय हाती लागलं? लुसितु नावाच्या भागात हलवलेल्या लोकांत १९५९ मध्ये बायका आणि मुलं अचानक दगावली, त्याची नोंद राहिली. विस्थापनाचा ताण शरीरावर, मनावर आणि समाजावर तिन्हीकडे एकदम येतो, ही मांडणी स्कडरनी केली आणि ती जगभर वापरली गेली. आधी मोजलं होतं म्हणून नंतर फरक सांगता आला. ज्यांचं आधीचं काही मोजलेलंच नसतं त्यांना 'तुमची परिस्थिती सुधारली' असं कुणीही सांगू शकतं, आणि ते खोडायला त्यांच्या हातात कागद नसतो.

कुणी म्हणेल, हार्वर्डवाल्यांचं सोडा, आपल्याकडे कुणाला जमतंय? जमलंय. गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' सुरू केली. त्यांनी आधी काय केलं, तर मोजलं. गावोगावचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि नवजात बाळांची काळजी घरातच घेतली. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला : नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. अख्ख्या देशाचं धोरण बदलणारा आकडा गडचिरोलीच्या पाड्यांत गोळा झाला होता.

आता व्यवस्थापनाकडे येतो. आरोग्य व्यवस्थापन म्हटलं की डोळ्यापुढे शहरातलं कॉर्पोरेट हॉस्पिटल येतं. माझ्या मते नर्मदाकाठ हा त्या शास्त्राचा सगळ्यात अवघड पेपर आहे. सरकारी निकष असा : आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हा निकष डोकी मोजतो. मधलं पाणी मोजत नाही. सरोवर भरलं की दोन पाड्यांमधली पायवाट बुडते आणि शेजारचं गाव बोटीशिवाय गाठता येत नाही. म्हणून इथे तरंगते दवाखाने आले, बोट ॲम्ब्युलन्स आल्या. म्हणूनच २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका होडी वल्हवत गरोदर बायका आणि बाळांपर्यंत पोचतात, ही बातमी देशभर गेली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने विचारावं की जे काम यंत्रणेचं, ते एका बाईच्या दंडांवर का आलं?

१९९४ मध्येच, मणिबेली जाहीरनाम्याच्याच वर्षी, सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल 'तीन उशीर' मांडले. दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मिटिंगांमध्ये पहिल्या उशिरावर बोलणं सोपं जातं, कारण त्यात दोष 'अडाणी' आदिवासींवर टाकता येतो. झोळीतून डोंगर उतरायचा, मग बोट, मग गाडी, हा दुसरा उशीर घड्याळ लावून मोजायला हवा. पाड्यावरून निघाल्यापासून डॉक्टरच्या हाताला लागेपर्यंत किती तास? पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती? बोट किती दिवस चालू, किती दिवस बंद, बंद असेल तर डिझेलमुळे की ड्रायव्हर नाही म्हणून? हे हिशेब दिसायला साधे आहेत. पण जिल्हा नियोजनाच्या बैठकीत गोष्टीपेक्षा आकड्याला जास्त वजन असतं.

तर विषय शोधणाऱ्यांनो, हे घ्या.

एक. मणिबेलीचीच माणसं तीन ठिकाणी आहेत : डोंगरावर थांबलेली, गुजरातच्या वसाहतीत गेलेली, आणि कामासाठी बाहेर पडलेली. मूळ एक, रक्त एक. ३० वर्षांनंतर त्यांची तब्येत, वजन, मुलांची वाढ, म्हाताऱ्यांचं चालणं-फिरणं यात काय फरक आहे? वसाहतीत रस्ता, वीज आली, तर कदाचित तिथली मुलं जास्त धडधाकट निघतील. निघू देत. आपल्याला सोयीचं उत्तर नको, खरं हवं.

दोन. डोंगरउतारावर राहणाऱ्या अपंग माणसाचं पुनर्वसन कसं करायचं? सपाट फरशीवर चालणारी व्हीलचेअर पाड्यावर अडगळ होते. इथल्या बांबूतून, इथल्या सुताराकडून काय बनवता येईल?

तीन. पाण्याने तुटलेल्या गावांसाठी उपकेंद्राचा निकष लोकसंख्येऐवजी वेळेवर ठरवला तर खर्च किती येईल?

एक विनंती मात्र आहे. खोऱ्यातल्या लोकांनी आजवर खूप फॉर्म भरून दिलेत, खूप अंगठे उठवलेत. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची संमती मिळाली म्हणजे गावाची मिळाली असं समजू नका. आधी गावसभेत बसा. तुमच्या प्रबंधात गावाचं काय भलं आहे ते विचारलं जाईल, त्याचं उत्तर तयार ठेवा. निघालेले आकडे आधी गावात, त्यांच्या बोलीत सांगा, मग नाशिकला नाहीतर मुंबईला. आणि डिग्री मिळाल्यावर निदान एकदा परत या, तेव्हाचं बाळ किती मोठं झालं ते बघायला.

तुमच्या ओळखीत कुणी पीएचडीचा विषय शोधत असेल तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. आणि खोऱ्यातले, वसाहतीतले जे कुणी वाचत असाल, त्यांनी दवाखान्यापर्यंत पोचायला तुमच्या पाड्यावरून किती तास लागतात ते खाली लिहा. पाड्याचं नाव आणि महिना टाकायला विसरू नका.