चार तासांचे मानक

चार तासांचे मानक हे इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील (एनएचएस) आपत्कालीन विभागांसाठी ठरवलेले कालमर्यादेचे मानक आहे. त्यानुसार रुग्णाला आगमनापासून चार तासांच्या आत रुग्णालयात दाखल करणे, अन्यत्र हलवणे किंवा घरी सोडणे अपेक्षित असते. डॉक्टरांची भेट होईपर्यंतचा वेळ नव्हे, तर विभागातील एकूण वास्तव्य यात मोजले जाते.

इतिहास

इ.स. २००० मध्ये जाहीर झालेल्या एनएचएस योजनेत २००४ पर्यंत हे उद्दिष्ट गाठण्याचे ठरले. काही रुग्णांना वैद्यकीय कारणास्तव अधिक काळ विभागात ठेवावे लागत असल्याने ही अट आधी ९८ टक्के व २०१० मध्ये ९५ टक्के रुग्णांपुरती ठेवण्यात आली. राष्ट्रीय स्तरावर ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट जुलै २०१५ नंतर गाठता आलेले नाही. पुढे मार्च २०२४ साठी ७६ टक्क्यांचे अंतरिम उद्दिष्ट ठरवण्यात आले.

विलंबाची कारणे व परिणाम

विलंबाचे मूळ बहुधा आपत्कालीन विभागाबाहेर असते. बरे झालेल्या वृद्ध रुग्णांसाठी घरी वा शुश्रूषागृहात देखभालीची सोय न झाल्यास वॉर्डातील खाटा रिकाम्या होत नाहीत आणि नवे रुग्ण स्ट्रेचरवर खोळंबतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाखल होण्यास पाच तासांहून अधिक विलंब झालेल्या रुग्णांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण वाढत जात असल्याचे आढळले.

टीका

मुदत संपण्याच्या अखेरच्या मिनिटांत दाखल करण्याचे व घरी सोडण्याचे निर्णय एकवटतात, असे आकडेवारीतून दिसून आले. मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णसेवेच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्दिष्टपूर्तीच्या दबावाखाली रुग्णसेवेकडे दुर्लक्ष झाल्याचे त्यात नमूद आहे.

रुग्णसमाधान

रुग्णाचे समाधान केवळ घड्याळावर अवलंबून नसते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिताना, अनिश्चित व कारण न सांगितलेली प्रतीक्षा अधिक दीर्घ भासते, असे मांडले. आपत्कालीन विभागात आगमनाच्या क्रमाऐवजी आजाराच्या तीव्रतेनुसार तपासणी होते. त्यामुळे मागून आलेल्याला आधी आत घेतले जाते. त्याचे कारण न सांगितल्यास तो अन्याय वाटतो. अपेक्षित वेळ सांगणे, वेदनाशामक औषध लवकर देणे आणि अधूनमधून विचारपूस करणे या उपायांनी प्रतीक्षा सुसह्य होते; मात्र खाटांच्या टंचाईला ते पर्याय ठरत नाहीत.