आयरिश नेल आणि तिचे वंशज : मेरीलँडमधील एका विवाहाचा शतकभर चाललेला वाद

उत्तर अमेरिकेतील मेरीलँड या इंग्रजी वसाहतीत १६८१ साली मेजर विल्यम बोरमन यांच्या मळ्यावर एक लग्न लागले. वधूचे नाव एलिनॉर बटलर. पंचक्रोशी तिला ‘आयरिश नेल’ म्हणत असे. ती वसाहतीचे धनी लॉर्ड बाल्टिमोर यांची मोलकरीण होती. वराचे नाव चार्ल्स; तो आफ्रिकी वंशाचा आणि बोरमन यांचा गुलाम. जुन्या दस्तऐवजांत त्याची ओळख ‘निग्रो चार्ल्स’ एवढीच आहे. कॅथलिक धर्मगुरूने रीतसर लग्न लावले. या लग्नाचे वर्णन त्या वेळी कोणी लिहून ठेवले नव्हते. पाऊणशेहून अधिक वर्षांनी या जोडप्याच्या वंशजांनी न्यायालयात स्वातंत्र्य मागितले, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या घेण्यात आल्या. त्या जबान्यांतून नेलची हकीकत कागदावर आली.

नेलच्या काळातील आयर्लंड समजल्याशिवाय तिचे अमेरिकेत येणे समजत नाही. क्रॉमवेलच्या फौजा १६४९ मध्ये आयर्लंडमध्ये उतरल्या आणि पुढील काही वर्षांत कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर हिरावल्या गेल्या. कुळे उघड्यावर पडली. हजारो माणसे, काही बळाने तर काही पोटासाठी, बार्बाडोस व अमेरिकेच्या किनाऱ्याकडे गेली. ज्याच्याजवळ जहाजाच्या भाड्याचे पैसे नसत तो करारावर अंगठा उठवी आणि साधारण चार ते सात वर्षे मालकाची चाकरी करून ते भाडे फेडी. असा मुदतबंद चाकर मुदत संपली की मोकळा होई. गुलामाला मात्र मुदत नव्हती. नेलच्या सर्व कहाणीचा पेच या एका फरकात आहे.

मेरीलँडचे धनी असलेले कॅल्व्हर्ट घराणे कॅथलिक होते. वसाहतीची सनद १६३२ ची आणि पहिली वस्ती १६३४ ची. गंमत अशी की, ‘बाल्टिमोर’ हा किताबही आयर्लंडचाच. जॉर्ज कॅल्व्हर्ट यांना १६२५ मध्ये आयरिश सरदारकी मिळाली आणि लाँगफर्ड परगण्यातील एका जहागिरीवरून त्यांनी हे नाव घेतले. म्हणजे धनी नावाचा आयरिश आणि मोलकरीण जन्माची आयरिश. नेलचे मालक चार्ल्स कॅल्व्हर्ट हे या घराण्यातील तिसरे लॉर्ड. ते १६६१ पासून वसाहतीचे गव्हर्नर होते आणि १६७५ मध्ये वडिलांच्या निधनानंतर धनी झाले. नेल त्यांच्याबरोबरच या देशात आली, असे साक्षीदारांनी सांगितले आहे. ‘बटलर’ हे ऑर्मंडच्या उमरावांचेही आडनाव होते, म्हणून कोणी हुरळून जाण्याचे कारण नाही. मोठ्या घराण्याचे आडनाव त्याच्या मुलखातील साध्या माणसांतही पसरते, हे आपल्याकडील देशमुख-इनामदारांच्या गावांतही दिसते.

लग्नाच्या दिवसाविषयी जबान्यांमध्ये जे आले आहे ते असे. लॉर्ड बाल्टिमोर यांनी त्या दिवशी नेलला समजावले की, या लग्नाने तू स्वतः गुलाम होशील आणि तुझी लेकरेही गुलाम होतील. नेलने ऐकले नाही. लॉर्डसाहेबांच्या शेजेपेक्षा मला चार्ल्स बरा, अशा अर्थाचे उत्तर तिने दिल्याचे सांगितले जाई. हे उत्तर त्या भागात किती रुचीने सांगितले गेले असेल, याची कल्पना करता येते. एका मोलकरणीने धन्याच्या तोंडावर असे बोलावे, ही गोष्ट कोण विसरेल? तपशील साक्षीदारागणिक बदलतो, परंतु धन्याचा इशारा आणि वधूचा हट्ट हा कणा टिकून राहतो. तोंडी परंपरेत असेच घडते. तारीख हरवते, बोलणे राहते.

लॉर्डचा इशारा पोकळ नव्हता. मेरीलँडच्या विधिमंडळाने १६६४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, जी स्वतंत्र इंग्रज स्त्री गुलामाशी लग्न करील तिने नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या मालकाची चाकरी करावी आणि त्यांची मुले बापाप्रमाणे गुलाम व्हावीत, असे ठरले होते. शेजारच्या व्हर्जिनियाने १६६२ मध्ये नेमका उलटा नियम केला होता : मूल आईच्या स्थितीत जन्मते. मेरीलँडने बापाची स्थिती धरली. इंग्रजांच्या सामान्य रूढीतही मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे, आणि आपल्याकडील शजरे व कुळवृत्तांतही बापाच्या नावानेच चालतात. वरवर पाहता मेरीलँडचा नियम परंपरेला धरून होता. त्याचा परिणाम मात्र भयंकर झाला.

तंबाखूच्या मळ्यांना मजूर हवे होते. मुदतबंद चाकर स्त्री काही वर्षांनी निघून जाई. पण तिचे लग्न मळ्यावरच्या गुलामाशी लावून दिले, तर ती नवऱ्याच्या हयातीपर्यंत मालकाच्या ताब्यात राही आणि तिची मुले तर कायमची त्याची मालमत्ता होत. अशी लग्ने थांबावीत म्हणून केलेला कायदा, अशी लग्ने मुद्दाम लावून देण्याचे आमिष ठरला. काही मालकांनी हा मार्ग धरला, याची कबुली पुढच्या कायद्याच्या मजकुरातच आहे. १६८१ मध्ये विधिमंडळाने १६६४ ची ती तरतूद रद्द केली. मालकाच्या चिथावणीने किंवा संमतीने असे लग्न झाले तर ती स्त्री तत्काळ मुक्त आणि तिची मुलेही मुक्त, असा नवा नियम झाला. मालकाला आणि लग्न लावणाऱ्या धर्मगुरूला प्रत्येकी १०,००० पौंड तंबाखू दंड ठेवण्यात आला. नाण्यांची टंचाई असल्याने तेथे दंड, कर, पगार सर्व तंबाखूतच चाले.

हा बदल लॉर्ड बाल्टिमोर यांनी नेलच्या प्रकरणावरूनच घडवून आणला, अशी आख्यायिका वंशजांमध्ये व शेजाऱ्यांमध्ये होती. ती खरी धरली तरी नेलच्या वाट्याला तिचे फळ आले नाही. तिचे लग्न त्याच वर्षी, पण कायदा बदलण्याच्या आधी झाले होते. आणि तोपर्यंत झालेल्या अशा विवाहांपुरता जुना कायदा लागू राहील, असे कलम नव्या कायद्यात घालण्यात आले होते. लॉर्ड स्वतः १६८४ मध्ये इंग्लंडला गेले ते परत आलेच नाहीत. नेल बोरमन यांच्या मळ्यावर राहिली. तिला सूत कातताना पाहिल्याचे आणि ती सुईणीचे काम करीत असल्याचे लोकांच्या आठवणीत होते. तिने कोणाकोणाची बाळंतपणे केली आणि त्याच वेळी तिची स्वतःची मुले मालकाच्या मालमत्तेत मोजली गेली, हे दोन्ही एकाच मळ्यावर घडत होते. मुले, नातवंडे वारसा व विक्री यांच्या वाटेने निरनिराळ्या मालकांकडे गेली. त्यांनी आडनाव मात्र नेलचे लावले. बापाकडून गुलामी आणि आईकडून नाव, अशी ही वाटणी होती.

पुढे विल्यम आणि मेरी बटलर या पतिपत्नींनी रिचर्ड बोरमन यांच्याविरुद्ध स्वातंत्र्याचा अर्ज केला. दोघेही नेलचेच वंशज. १७६० च्या दशकात त्यासाठी जबान्या झाल्या. बोलणारे बहुतेक गोरे शेजारी होते. काहींनी नेलला लहानपणी पाहिलेले, काहींनी आईबापांकडून ऐकलेले. येथे एक विचित्र स्थिती लक्षात येते. एरवी गुलामांची लग्ने कायद्याच्या लेखी लग्नेच नव्हती. आणि येथे दोन्ही पक्षांना एका गुलामाचे लग्न खरे मानणे भाग होते. मालकाला ते हवे होते, कारण लग्नाशिवाय १६६४ चा कायदा लागूच झाला नसता. वंशजांना नेल आपली मूळ आई हे दाखवायचे होते, कारण ती स्वतंत्र जन्मलेली होती.

प्रांतिक न्यायालयाने १७७० मध्ये विल्यम आणि मेरी यांच्या बाजूने निकाल दिला. कायदा रद्द झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना त्या कायद्याची शिक्षा कशी लागेल, हा कळीचा प्रश्न होता. परंतु १७७१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. विवाह आधीचा, म्हणून त्याचे परिणाम जुन्या कायद्याप्रमाणे, असे ठरले. मिळालेले स्वातंत्र्य हातातून गेले.

पुढे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध झाले. त्यानंतर या दोघांची मुलगी, तिचेही नाव मेरी, न्यायालयात उभी राहिली. तिचा मालक अॅडम क्रेग. या वेळी वकिलांनी वेगळी बाजू मांडली. १६६४ च्या कायद्याने नेलला गुलामी मिळाली असेल तर ती शिक्षा होती. आणि शिक्षा न्यायालयात दोष सिद्ध झाल्याशिवाय होत नाही. नेलवर असा खटला चालून ती दोषी ठरल्याची कोणतीही नोंद नव्हती. राज्याच्या जनरल कोर्टाने १७८७ मध्ये हा मुद्दा मान्य केला आणि १७९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. आईबाप जेथे हरले तेथे मुलगी जिंकली. लग्नाला ११० वर्षे झाली होती.

यानंतर मेरीलँडमधील न्यायालयांत बटलरांचे अर्ज एकामागून एक दाखल झाले आणि अनेकांना मुक्ती मिळाली. इतर कुटुंबांनाही धीर आला. क्वीन कुटुंबाने जेझुईट धर्मगुरूंविरुद्ध दावे केले, कारण मेरीलँडचे जेझुईट स्वतः मोठे गुलाममालक होते. नेलचे लग्न लावणारा धर्मगुरू आणि पुढच्या पिढ्यांना मालमत्ता म्हणून बाळगणारे धर्मगुरू एकाच चर्चचे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

मात्र या विजयाचे मोजमाप जपून केले पाहिजे. बटलर मुक्त झाले ते गुलामी अन्यायाची म्हणून नव्हे, तर त्यांची पणजी-खापरपणजी गोरी व स्वतंत्र होती म्हणून. ज्यांचे आईबाप दोन्ही आफ्रिकेतून बेड्यांत आणले गेले, त्यांच्यासाठी हे दार कधी उघडलेच नाही. चार्ल्सच्या बाजूचे पूर्वज, त्याचा मुलूख, त्याची भाषा, यांना खटल्यात काही किंमत नव्हती, त्यामुळे त्याविषयी कोणी साक्षीदारांना विचारलेही नाही. म्हणून हा शजरा एका फांदीचा आहे.

ज्या तोंडी पुराव्यावर हे सर्व उभे होते तोही लवकरच अडचणीत आला. मिमा क्वीन हिच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१३ मध्ये ठरवले की, पूर्वज स्वतंत्र असल्याचे ऐकीव सांगण्यावरून सिद्ध करता येणार नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल लिहिला. मिमाचे वकील होते फ्रान्सिस स्कॉट की. पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेले गीत नंतर अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले, आणि ते स्वतः गुलाम बाळगून होते. न्यायमूर्ती गॅब्रिएल डुव्हाल यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. ते मेरीलँडचे, तेथे वकिली करताना त्यांनी अशा अर्जदारांची बाजू मांडली होती. ज्यांना लिहिणे-वाचणे व नोंदी ठेवणे नाकारले गेले, त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

पुढे १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुईटांनी २७२ गुलामांची लुइझियानातील मालकांना विक्री केली, आणि त्या रकमेचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाच्या कर्जफेडीला गेला. विकलेल्या माणसांच्या यादीत बटलर आडनावाची माणसेही होती. जॉर्जटाउन विद्यापीठाने या विक्रीबद्दल २०१७ मध्ये जाहीर माफी मागितली.

गोऱ्या व कृष्णवर्णीय माणसांच्या विवाहाविरुद्धचे मेरीलँडमधील कायदे वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिले. तेथील विधिमंडळाने विवाहबंदी रद्द केली ती १९६७ च्या मार्चमध्ये, बोरमन यांच्या मळ्यावरील त्या लग्नानंतर २८६ वर्षांनी.