चुंबकांची रांग

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर, वूड्स होलच्या खाऱ्या दलदलीत तुमचे पाय रुतलेत. 1970 चं दशक अजून अर्ध्यावर आलेलं नाही. याच चिखलाचा एक थेंब रिचर्ड ब्लेकमोर हा संशोधक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळतोय. वाकून पाहा. काही जीवाणू थेंबाच्या एकाच कडेला धावताहेत. उजेडाकडे जात असतील? तो सूक्ष्मदर्शक झाकतो, फिरवतो. त्यांची दिशा तीच. मग तो लोहचुंबक जवळ आणतो आणि सगळे झटक्यात वळतात.

1975 मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून येईल. पण हे जमतं कसं, ते पाहायला 2006 मध्ये, कॅलटेकला चला.

इथे जीवाणू इतक्या झपाट्याने गोठवलेत, की आतल्या पाण्याचा बर्फाळ स्फटिक झालेला नाही. थोडंथोडं कलवून घेतलेली चित्रं संगणक जोडतो आणि अख्खी पेशी तुमच्यापुढे उभी राहते. आत शिरा. आदिकेंद्रकी पेशीत पटलवेष्टित अंगकं नसतात, असं शाळेत पाठ केलं होतं ना? मग हे काय? आतलं पटल जागोजागी आत वळून इवल्या पिशव्या झाल्यात. हेच मॅग्नेटोसोम. प्रत्येकात लोह साठत मॅग्नेटाईटचा स्फटिक वाढतो, सुमारे 50 नॅनोमीटरचा. फार लहान राहिला तर चुंबकत्व टिकत नाही, फार मोठा झाला तर ते आतल्याआत विभागतं.

मला थक्क करते ती मात्र या इवल्या चुंबकांची रांग. चुंबक एकमेकांना ओढतात. मोकळे सोडले तर त्यांचा गोळाच व्हायचा. पिशव्यांना लागून मॅमके प्रथिनाचा धागा गेलाय, आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनचा नातेवाईक. त्याचं जनुक काढलं, की पिशव्या तयार होतात, पण पांगतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी दुसऱ्या एका जातीतून मॅमजे हे प्रथिन काढलं. तिथे रांग कोसळली आणि खरोखरच गोळा झाला.

आता 2011. पेशी दुभंगतेय आणि रांग नेमकी मध्ये आडवी आली आहे. चुंबकांची ती पकड सरळ ओढून तोडणं अवघड. म्हणून पेशी एकाच बाजूने आत दबत जाते आणि तिथेच वाकते. रांगेला कोन पडतो, पकड सैलावते, आणि दोन्ही लेकी अर्धी-अर्धी रांग घेऊन सुटतात.