पॅनोनियासॉरस : गोड्या पाण्यातील मोसासॉर

क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात समुद्रावर मोसासॉर या महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांची सत्ता होती. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहराजवळ, म्यूज नदीकाठच्या चुनखडीच्या खाणीत अठराव्या शतकात सापडलेल्या कवटीवरून १८२२ मध्ये या प्राण्याला 'मोसासॉरस', म्हणजे म्यूज नदीचा सरडा, हे नाव मिळाले. नाव नदीचे असले तरी हा प्राणिगट निव्वळ समुद्रातला, असेच दीर्घकाळ मानले जात होते. हंगेरीतील जीवाश्मांनी या समजुतीला धक्का दिला.

पश्चिम हंगेरीतील बाकोनी पर्वतराजीत इहारकूट येथे बॉक्साइटची खुली खाण आहे. तेथील सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीगाळात डायनोसॉर, मगरी, कासवे आणि मासे यांच्या अवशेषांसोबत मोसासॉरची हाडे मिळाली. लास्लो माकादी, मायकेल काल्डवेल आणि अत्तिला ओशी यांनी २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात 'पॅनोनियासॉरस इनएक्स्पेक्टॅटस' या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पॅनोनिया हा या भागातील प्राचीन रोमन प्रांत, तर 'इनएक्स्पेक्टॅटस' म्हणजे अनपेक्षित.

या प्राण्याचा संपूर्ण सांगाडा मिळालेला नाही. मणके, जबड्याचे तुकडे, दात अशा सुट्या अवशेषांवरूनच त्याची ओळख पटवावी लागली. मोठ्या प्राण्याची लांबी सुमारे ६ मीटर असावी. डोके मगरीसारखे चपटे, उथळ पाण्यात भक्ष्य टिपण्यास सोयीचे. प्रगत मोसासॉरप्रमाणे त्याच्या पायांचे वल्ह्यांत रूपांतर झाले नसावे. ते जमिनीवरील सरड्यांसारखेच असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

एखादा समुद्री प्राणी वाट चुकून नदीत शिरू शकतो, मग हा नदीचाच रहिवासी कशावरून? याचे उत्तर हाडांच्या आकारात आहे. एकाच ठिकाणी लहान पिल्लांपासून पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यांपर्यंत अनेक वयांचे अवशेष मिळाले. अर्थात, हा प्राणी अधूनमधून येणारा पाहुणा नव्हता. त्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती येथेच होती.

व्हेल आणि डॉल्फिन यांचे पूर्वज जमिनीवरून समुद्रात गेले. पुढे त्यांच्या काही शाखा नद्यांत स्थिरावल्या. गंगेतील डॉल्फिन हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण. त्याच्या कोट्यवधी वर्षे आधी मोसासॉरच्या एका शाखेनेही गोड्या पाण्याशी जुळवून घेतले होते, याची साक्ष इहारकूटची हाडे देतात.