डोंगरमाथ्यावरचे घर : दौलताबाद ते रौजा

छत्रपती संभाजीनगरात जागेचे भाव आवाक्याबाहेर जाऊ लागले म्हणजे बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाची दृष्टी साहजिकच वायव्येकडील डोंगररांगेकडे वळते, आणि खुलदाबादेस किंवा त्याही पलीकडे म्हैसमाळच्या पठारावर चार खोल्यांचे घर आपल्या ऐपतीत बसेल काय, याचा तो विचार करू लागतो. ही आकांक्षा सर्वथा रास्त आहे. परंतु या डोंगराने घरांचा व्यवहार आजवर पुष्कळ पाहिला आहे, आणि ज्याला तेथे बिऱ्हाड थाटावयाचे आहे त्याने तो पूर्वेतिहास समजून घेणे हिताचे आहे.

त्या इतिहासातील सर्वांत मोठा व्यवहार १३२७ साली सुरू झाला. यादवांची देवगिरी दिल्लीच्या अमलाखाली आल्यानंतर सुलतान महंमद तुघलकाने तिला दौलताबाद हे नाव देऊन राज्याची दुसरी राजधानी करण्याचे ठरविले, आणि प्रथम आपल्या मातेसह राजकुटुंब व अमीर-उमराव, पुढे शेख, विद्वान व इतर रहिवासी यांस दक्षिणेत नेण्याचा हुकूम फर्माविला. दिल्लीतील घरांची किंमत सरकारी खजिन्यातून चुकती करण्यात आल्याचे याह्या सरहिंदीच्या तवारिखेत नमूद आहे. आणि झियाउद्दीन बरनी, जो सुलतानाच्या या निर्णयाचा कठोर टीकाकार, त्यानेही प्रवासात व मुक्कामी पोचल्यावर रयतेला सढळ हाताने देणग्या दिल्या गेल्याचे मान्य केले आहे. चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर दुतर्फा झाडे होती, असे इब्न बतूता लिहितो. नव्या नगराची आखणीही विचारपूर्वक केलेली होती. सैनिक, वजीर, कारकून, काजी व विद्वान, फकीर, व्यापारी व कारागीर अशा प्रत्येक वर्गासाठी निराळा मोहल्ला, आणि त्या प्रत्येक मोहल्ल्यात स्वतःची मशीद, बाजार, हमाम व भट्ट्या, असे वर्णन अल्-उमरी या अरबी ग्रंथकाराने एका प्रवाशाच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले आहे. त्या प्रवाशाने नगर सोडले तेव्हा बांधकाम पुरे व्हावयाचे होते.

द्रव्य होते, आखणी होती, सत्ता तर होतीच. तरीही हे नगर राजधानी म्हणून टिकले नाही, आणि १३३५ च्या सुमारास लोकांस दिल्लीस परतण्याची मोकळीक द्यावी लागली. कारणे अनेक होती. उत्तरेतील कारभार इतक्या दूरवरून आवरता येईना, ठिकठिकाणी बंडे उसळली, आणि ज्यांच्या पिढ्या यमुनेच्या काठी गेल्या त्यांच्या मनाला सक्तीने सोडलेल्या घराचे दुःख सोडीना. शिवाय डोंगराच्या कुशीतील या भूमीत एवढ्या लोकवस्तीला पाणी पुरविणे ही अतिशय कठीण गोष्ट होती. किल्ल्यातील हत्ती हौदाचा विस्तार आजही पाहिला, म्हणजे पावसाचा थेंबन् थेंब साठविल्यावाचून येथे निर्वाह नव्हता, हे ध्यानात येते.

पण सगळेच परतले नाहीत, आणि या इतिहासाचे खरे मर्म मागे राहिलेल्यांत आहे. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुर्‍हानुद्दीन गरीब दिल्लीहून आले ते येथलेच झाले. १३३७ मध्ये ते निवर्तले आणि दौलताबादच्या वरच्या पठारावर त्यांची कबर झाली. कवी अमीर हसन सिजझी यांनाही त्याच भूमीत विसावा मिळाला. या दर्ग्यांभोवती मुजावर, खादिम, फुलवाले, दुकानदार यांची वस्ती वाढली आणि रौजा नावाचे गाव उभे राहिले; पुढे १७०७ मध्ये औरंगजेबाचे दफन तेथे झाल्यावर त्याच्या मरणोत्तर ‘खुल्दमकान’ या उपाधीवरून ते खुलदाबाद म्हणविले जाऊ लागले. शेजारच्या शूलिभंजनाच्या टेकडीवर एकनाथांनी, दौलताबादेचे किल्लेदार असलेले आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्या आज्ञेने, अनुष्ठान केले अशी आपली परंपरा सांगते. आणि खुलदाबादेतील भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी आजही शहरातून भाविकांची रीघ रात्रभर पायी घाट चढून येते.

दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा म्हणून लहानसे गाव आहे. तेथील कागद्यांचे पूर्वज तुघलकाबरोबरच आले, असे परंपरेने मानले जाते. चिंध्या कुटून त्यांचा लगदा करावा, तो पाण्याने भरलेल्या हौदात कालवावा, गवताच्या काड्यांची बारीक चाळणी त्यात बुडवून अलगद वर उचलावी, चाळणीवर धरलेला ओला ताव निथळू द्यावा, मग वाळवून, खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटावा, तेव्हा तो दौत-लेखणीच्या योग्य होई. दफ्तरे, फर्माने व पोथ्या यांस कागद लागत होता तोवर या घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. ज्याच्या हाती हुन्नर होता आणि ज्याच्या हौदात पाणी होते, तो राजधानी उठल्यावरही उठला नाही.

एकोणिसाव्या शतकात या पठाराला निराळेच गिऱ्हाईक लाभले. खालच्या मैदानाहून सुमारे पाचशे फूट उंच असल्याने रौजा हे हवा खाण्याचे ठिकाण मानले गेले, आणि औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, छावणीतील साहेब उन्हाळ्यात तेथे येऊन जुन्या मकबऱ्यांतच तयार केलेल्या बंगल्यांत उतरू लागले. पाऊस पडला की ते खाली जात. अशा बिऱ्हाडांनी गाव वाढत नाही.

आज येथे घर घेऊ पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणली पाहिजे. दर्ग्यांच्या व देवस्थानांच्या सेवेसाठी या भागात पूर्वापार इनामे दिलेली आहेत. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने खाजगी इनामे खालसा झाली, पण धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इनामांची गोष्ट वेगळी राहिली; म्हणून मदतमाश, म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन, कोणती आणि खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली, कोणती, याचा उलगडा जुन्या दप्तरातून व सातबाऱ्यावरून करून घेतल्याखेरीज खरेदीखतावर सही करणे म्हणजे पुढील पिढीला वाद वारशाने देणे होय.

तेव्हा कागद निर्वेध असावा, वैशाखात विहिरीला पाणी असावे, आणि घरातील कर्त्या माणसाला, मग ते तेथल्या सीताफळाच्या बागेत असो, यात्रेकरूंच्या सेवेत असो की शाळा-दवाखान्यात असो, बारमाही काम असावे. हे तिन्ही जेथे आहे तेथे थोड्या पैशांत घेतलेले घर खरोखर स्वस्त. आणि यांपैकी एक जरी नसेल, तर घर फुकट मिळूनही महागच पडते, हे ज्या सुलतानाने रयतेला आपल्या खजिन्यातून बसविले, त्याच्या अनुभवाने येथेच सिद्ध झाले आहे. डोंगरावर माणसांनी राहावे असे ज्या शासनाला वाटते, त्याने भूखंड पाडण्यापूर्वी पाणी आणि रोजगार वर न्यावा. माणसे आपल्या पायांनी चढून येतील आणि आपल्या मनाने राहतील.