सागरी विमानांचे अवतरण-अपघात

सागरी विमान पाण्यावर टेकताना, किंवा टेकल्यावर वेग ओसरण्यापूर्वी होणारे अपघात. या विमानांचे मुख्य प्रकार तीन : धडच नावेसारखे असलेली उडती नौका, चाकांऐवजी दोन फ्लोट (तरंगणारे पोकळ भाग) असलेले विमान आणि चाकेही बाहेर काढता येणारे उभयचर.

रचना : फ्लोटच्या तळाला साधारण मध्यावर पायरी असते. वेगात असताना तिच्यामागचा तळ पाण्यापासून सुटतो व पाण्याची ओढ घटते. टेकताना नाक फार खाली असेल, तर फ्लोटची टोके रुततात. नाकाचा कोन चुकल्यास विमान पुढेमागे डोलत उसळ्या घेते आणि प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा मोठी होऊ शकते. अमेरिकी नियमांनुसार मुख्य फ्लोटची तरणक्षमता गरजेपेक्षा 80 टक्के जादा लागते. फ्लोटचे कोणतेही दोन कप्पे पाण्याने भरले, तरी विमान उलटू नये, अशी अट लहान विमानांच्या नियमांत 2017 पर्यंत होती.

कारणे : (1) उभयचराची चाके खाली राहणे. चाके पाण्यात अडतात, विमान नाकावर उलटते. (2) आरशासारखे स्थिर पाणी. उंचीचा अंदाज येत नाही. म्हणून वैमानिक काठाचा आधार घेत, इंजिन चालू ठेवून, संथ गतीने उतरतो. (3) आडवा वारा, लाटा, तरंगती लाकडे.

बचाव : उलटलेले विमान बहुधा फ्लोटवर तरंगत राहते, पण प्रवासी पाण्याखाली उलटे लटकतात. जीवरक्षक जॅकेट आत फुगवल्यास माणूस विमानाच्या वर आलेल्या जमिनीला चिकटतो व दार गाठता येत नाही. ते बाहेर पडल्यावरच फुगवावे.

भारत : इम्पीरियल एअरवेजची ‘सेंच्युरिअन’ ही शॉर्ट कंपनीची चार इंजिनी उडती नौका 12 जून 1939 रोजी कलकत्त्यास हुगळीवर उतरताना बुडाली. वाऱ्याचा झोत हे कारण दिले जाते. या नौकांचा मार्ग कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असा होता. मुंबई त्यावर नव्हती.

महाराष्ट्र : 2014 मध्ये जुहूहून सागरी विमानांची सेवा सुरू झाली; कर्जत-खालापूरच्या घाटमाथ्यापलीकडचे पवना धरण हे तिचे एक ठिकाण होते. डिसेंबर 2017 मध्ये गिरगाव चौपाटीवर सागरी विमानाची चाचणी झाली.