दस्त्याचा इतिहास

कारखान्यातून आलेली शिकारीची रायफल लांब पल्ल्यासाठी सुधारायची म्हणजे जड नळी आणि मोठी दुर्बीण बसवायची, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेच्या मरीन कोअरचा अनुभव वेगळा आहे. १९६६ मध्ये, व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना, मरीन कोअरने दूरच्या नेमबाजीसाठी १९६२ मध्ये बाजारात आलेली रेमिंग्टन ७०० ही शिकारीची रायफल निवडली. जड नळी आणि तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी रेडफील्डची दुर्बीण असलेल्या या रायफलीला ‘एम ४०’ नाव मिळाले. नळी आणि दुर्बीण दोन्ही पहिल्यापासूनच होत्या, तरी व्हिएतनामच्या दमट हवेत तिचा नेम ढळू लागला. दोष होता अक्रोडाच्या लाकडी दस्त्यात.

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली, तर गोळ्या एकाच ठिकाणी पडतात. पण लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, पिळवटते आणि नळीला कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या बाजूने रेटते. अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ९०० मीटरवर सुमारे २६ सेंटिमीटरचा होतो. म्हणूनच १९७० च्या दशकात व्हर्जिनियातील क्वांटिको या मरीन कोअरच्या तळावरील कारागिरांनी याच रायफली खोलून ‘एम ४० ए१’ बांधली, तेव्हा मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता घेतला, रिसीव्हर, म्हणजे नळी जोडलेला धातूचा मुख्य भाग, त्यात इपॉक्सीने घट्ट बसवला आणि नळी दस्त्याला टेकणार नाही अशी मोकळी ठेवली.

यावर कोणी म्हणेल की, त्यांनी स्टेनलेस स्टीलची नवी नळी आणि उनर्टलची दहापट दुर्बीणही बसवली. मग श्रेय एकट्या दस्त्याला कसे? आक्षेप रास्त आहे. पण रायफल किती बारीक नेम धरू शकेल हे नळी ठरवते, तर आज जुळवलेला नेम उद्याच्या पावसात टिकेल का, हे दस्ता ठरवतो. दुसरा आक्षेप असा की, एवढे बदलावे लागले म्हणजे मूळ रायफलच सुमार होती. तसेही नाही. ७०० चे मूळ असलेल्या १९४८ च्या रेमिंग्टन ७२१ आणि ७२२ मध्ये खर्च वाचवण्यासाठी रिसीव्हर गोल ठेवला होता, आणि गोल भाग लेथवर धरून अचूक करणे कारागिराला सोपे जाते. या रचनेमागचे माइक वॉकर स्वतः बेंचरेस्ट, म्हणजे रायफल बाकावर टेकवून अचूक नेम साधण्याच्या प्रकारातले, कसलेले नेमबाज होते. त्यामुळे स्वस्ताईसाठी केलेली रचना अचूकतेच्याही उपयोगी पडली.

१९८८ मध्ये अमेरिकी लष्कराने घेतलेली ‘एम २४’ रेमिंग्टनकडूनच, रिसीव्हर पक्का धरणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेल्या कृत्रिम दस्त्यासह आली. क्वांटिकोत जे काम हातांनी होत होते, त्यामागचे तत्त्व आता कारखान्याने स्वीकारले होते. त्याचे मोल प्रत्यक्षात दाखवून दिले ते रायफल खोलून तिची प्रत्येक फट तपासणाऱ्या कारागिरांनी, आणि या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळायलाच हवे.